तिकिटं ४०, मागणारे १६०. वाटायची कशी?

पाचवा_बदली

मंडळी, धागा वैतागातून काढतोय, शुद्धलेखन पोटात घाला.

मी एका फुटबॉल क्लबच्या समर्थक मंडळाचा तिकीटप्रमुख. पदाचं नाव भारी, काम हमालीचं. कुणी घेत नव्हतं म्हणून तीन वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात पडलं. एरवी अडचण नसते. बाहेरच्या मैदानावर सामना असला की पंधरा-वीस जण येतात, तेवढी तिकिटं मिळतात, एक बस निघते. यंदा मात्र संघ चषकाच्या अंतिम फेरीत पोचला. सामना तिसऱ्याच मैदानावर. वाटायला माझ्याकडे ४० तिकिटं आहेत आणि अर्ज आलेत १६०. गेल्या महिन्यात याच मंडळाची बस निम्मी रिकामी गेली होती, हेही नोंदवून ठेवतो.

उपांत्य सामना जिंकला त्या रात्री अकरा फोन आले. "आपलं लक्षात आहे ना?" या एकाच वाक्याचे अकरा प्रकार ऐकले. दुसऱ्या दिवशी मंडळातले एक काका घरी आले, वय सत्तरच्या पुढे. पिशवीतून जुन्या तिकिटांची चळत काढली आणि पत्ते मांडावेत तशी टेबलावर मांडली. त्यातली निम्मी कोरी होती. थर्मल कागद, त्यावरची अक्षरं केव्हाच उडून गेलेली. काका एकेका कोऱ्या चिटोऱ्यावर बोट ठेवून सांगत होते, "हा आपण ४-० हरलो तो. हा पावसाचा, अर्ध्यात थांबवला होता तो." मी त्या कोऱ्या कागदांना किती गुण द्यायचे?

आमच्याकडे गुणांची वही आहे. घरच्या मैदानावरचा सामना १ गुण, बाहेरचा ३. वहीतले वरचे ४० घेतले तर दहा मिनिटांत काम संपतं. काका त्यात ६३वे येतात. मी नववा. आता मीच "गुणांप्रमाणे वाटू" म्हणालो तर लोक माझ्याकडे कसे बघतील ते कळतंय. खरं सांगायचं तर ती पद्धत मला बरोबर वाटते की सोयीची, हे माझं मलाच कळेनासं झालंय.

किंमत तिकिटावर छापलेली तीच, एक पैसा वर नाही. तेवढं सोडून काहीही सुचवा.

शिट्टीवाला

यात चर्चा कसली? वही आहे ना? वरचे ४० घ्या आणि फोन बंद करून झोपा.

बाहेरचा सामना बघणं म्हणजे काय ते घरी बसून कळत नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या क्लबला फार तर ३,००० तिकिटं मिळतात, मैदान लहान असेल तर क्षमतेच्या १० टक्के. युएफा, म्हणजे युरोपातली फुटबॉल संघटना, तिच्या स्पर्धांत ५ टक्के. तेवढ्यासाठी लोक पहाटे चारला उठून प्रवास करतात, हरून परत येतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जातात. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाच्या प्रवासी समर्थकांसाठीसुद्धा हाच हिशोब असतो. सामन्याला गेलात की खात्यात एक 'कॅप' जमा, आणि मोठ्या स्पर्धेची तिकिटं जास्त कॅपवाल्यांना आधी. ज्याने पेरलं त्याने कापावं. अंतिम सामन्याच्या दिवशी उगवणाऱ्या छत्र्यांना मी निष्ठावंत म्हणत नाही.

मीनल_डावी_विंग

शिट्टीवाले, तुम्ही म्हणता ते ऐकायला गोड आहे, पण जरा वही उघडून बघा.

बाहेरच्या सामन्याची तिकिटं कमी पडली की तीही गुणांवरच वाटतात. म्हणजे गुण असणाऱ्याला तिकीट, तिकीट मिळालं की आणखी ३ गुण. ज्याच्याकडे गुण नाहीत त्याला ते मिळवायला जाताच येत नाही. शिडीची खालची पायरी काढून घ्यायची आणि वर बसून विचारायचं, "तुम्ही चढत का नाही?" दहा वर्षं हे चाललं की वरची नावं कायमची होतात. तुमच्या वहीत पहिल्या चाळिसात तिशीच्या आतले किती आहेत, तेवढं मोजून सांगाल का, पाचवा_बदली?

माझंच सांगते. मी रुग्णालयात काम करते, महिन्यातले दोन शनिवार-रविवार ड्यूटी. गेल्या हंगामात एक सामना मी कपडे बदलायच्या खोलीत मोबाइलवर, आवाज बंद करून, एका डोळ्याने पाहिला. दुसरा डोळा घंटीच्या दिव्यावर. त्याचे गुण शून्य. त्याच दिवशी मैदानात बसून पहिला अर्ध संपायच्या आत पार्किंगकडे निघालेल्याला १. वही निष्ठा मोजत नाही, मोकळे शनिवार मोजते.

राखीव_गोली

+१ मीनलताई. शिवाय वही माणूस मोजत नाही, कार्ड मोजते. आमच्याकडे एक गृहस्थ होते, त्यांच्या कार्डावर तीन हंगामात एकही सामना चुकलेला नाही. प्रत्यक्षात कार्ड भाच्याकडे, मेहुण्याकडे, ऑफिसातल्या कुणाकडे फिरत असायचं. अंतिम सामना आला की कार्ड घरी परत.

चाकं_चार

मी व्हीलचेअरवर असतो. गुणांबद्दल कुणी बोलत नाही ती गोष्ट सांगतो.

बाहेरच्या मैदानावर पाहुण्यांच्या बाजूला चाकाच्या खुर्चीसाठी मोजक्याच जागा असतात. सोबत्यासाठी एक तिकीट लागतं, तो नसेल तर मी जाऊच शकत नाही. बसला उचलपट्टा नसेल तर तिकीट असूनही घरी. म्हणजे माझे ३ गुण आणि शिट्टीवाल्यांचे ३ गुण एका भावाने येत नाहीत. मी हंगामात दोनदा बाहेर जातो, ते जाऊ शकण्याइतकं दोनदाच जमतं म्हणून. सगळ्यांना एकाच गुणयादीत घातलं की आमच्यासारखे तळाला जाणार हे ठरलेलंच. दया नको, पण या जागा वेगळ्या काढा आणि आमची यादी वेगळी लावा. क्लबकडे अशा जागांचा कोटा वेगळा असतो, मंडळाने मागितला तर मिळतो. बहुतेक मंडळं मागतच नाहीत.

पाचवा_बदली

चाकं_चार, खरंय, आम्ही मागितलाच नव्हता. आज पत्र टाकतो.

मीनलताई, मोजले. पहिल्या ४० मध्ये तिशीच्या आतले तीन. त्यातले दोघे समितीतल्यांचे मुलगे.

आकडेमोड

मग सरळ सोडत काढा असं कुणी म्हणायच्या आत थोडा हिशोब मांडतो.

आधी टंचाई कुठून येते ते बघू. अंतिम सामन्याचं मैदान भरलेलं दिसतं, पण त्यात दोन्ही क्लबांच्या लोकांचा वाटा आपल्याला वाटतो त्याहून बराच कमी असतो. २०१९च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याला माद्रिदमध्ये लिव्हरपूलच्या वाट्याला १६,६१३ तिकिटं आली होती. त्याच वर्षी बाकूमध्ये युरोपा लीगचा अंतिम सामना जवळजवळ ६९ हजारांच्या मैदानात झाला आणि आर्सेनल व चेल्सीला प्रत्येकी सुमारे ६,००० मिळाली. २०२५ला बिल्बाओत टॉटनहॅम आणि मँचेस्टर युनायटेडला १५,००० प्रत्येकी. उरलेली प्रायोजक, संघटना, प्रक्षेपणवाले, पाहुणे आणि खुल्या विक्रीत. खुल्या विक्रीचं चित्र तर आणखी गमतीचं. युरो २०२४ या स्पर्धेला विक्रीच्या पहिल्या फेरीत सुमारे १२ लाख तिकिटांसाठी २ कोटींहून जास्त मागण्या आल्या होत्या. म्हणजे आपण आपसात ज्याच्यावरून भांडतो ते ताटातलं उरलेलं आहे. ताट कुणी वाढलं त्याच्याशी कुणी भांडत नाही.

आता सोडत. ४० तिकिटं, १६० अर्ज, म्हणजे दर चौघांत एकाला. एका वेळेपुरतं हे अगदी समान आहे. पण समजा असे पाच प्रसंग आले आणि दर वेळी तेच १६० जण अर्जदार. पाचही वेळा रिकाम्या हाताने जाणाऱ्यांचं प्रमाण? तीन चतुर्थांशाचा पाचवा घात, म्हणजे जवळजवळ २४ टक्के. १६० मधले सुमारे ३८ जण पाच अंतिम सामन्यांत एकदाही आत जाणार नाहीत, आणि काही नशीबवान तीन-तीनदा जातील. कुणी लबाडी न करता.

यावर तोड आहे: सोडतीला स्मरणशक्ती द्या. अर्ज करून ज्याला मिळालं नाही त्याची पुढच्या वेळी एक चिठ्ठी जास्त. ज्याला मिळालं तो पुन्हा एका चिठ्ठीवर. हे कागदावर करता येतं, संगणक लागत नाही. लागते ती फक्त नाकारलेल्यांची यादी जपून ठेवायची सवय. आपण मिळालेल्यांची यादी जपतो, नाकारलेल्यांची फाडून टाकतो.

मुक्त_बाजार

सगळे एवढे घाम गाळताय, सोपा उपाय समोर आहे. लिलाव करा. ज्याला सर्वात जास्त हवंय तो सर्वात जास्त मोजेल. वरचे पैसे मंडळाच्या बसखर्चाला. काळाबाजारही आपोआप संपला.

मीनल_डावी_विंग

"ज्याला सर्वात जास्त हवंय" आणि "ज्याच्याकडे सर्वात जास्त आहे" यातला फरक दाखवणारं यंत्र तुमच्याकडे असेल तर लिलावाला माझी हरकत नाही.

शिट्टीवाला

मीनलताईंशी पहिल्यांदाच सहमत, तारीख लिहून ठेवा.

मुक्त_बाजार, ६ फेब्रुवारी २०१६. घरच्या ॲनफिल्ड मैदानावर लिव्हरपूल सुंदरलंडविरुद्ध २-० पुढे. नव्या स्टँडमधलं सर्वात महाग तिकीट ७७ पौंडांचं होणार असं क्लबने जाहीर केलेलं. बरोबर ७७व्या मिनिटाला हजारो लोक उठले आणि चालते झाले. सामना २-२ सुटला. काही दिवसांत मालकांनी दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी प्रीमियर लीगच्या क्लबांनी पाहुण्या समर्थकांच्या तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा घातली, तीही समर्थकांनी काही वर्षं "वीस पुरेत" म्हणून गळा काढल्यावर. तुमचा बाजार त्या स्टँडमध्ये बसून गाणी म्हणणार आहे का?

मुक्त_बाजार

भावना समजल्या. पण स्वस्त तिकीट दिलं की ते घेणारा बाहेर जाऊन महागात विकतो, हे तुम्ही कसं थांबवणार? फायदा कुणीतरी खाणारच आहे. प्रश्न एवढाच की क्लबने खायचा, मंडळाने, की गल्लीतल्या दलालाने.

राखीव_गोली

हा मुद्दा मात्र खोडता येत नाही, म्हणून सविस्तर.

१४ एप्रिल २०२२, बार्सेलोना विरुद्ध आइनट्राख्ट फ्रँकफर्ट, युरोपा लीगची उपांत्यपूर्व फेरी. जर्मन पाहुण्यांना ५,०००ची जागा. प्रत्यक्षात बार्सेलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानात त्यांचे ३० हजारांच्या आसपास लोक होते. पांढऱ्या कपड्यांचा समुद्र नुसता. फ्रँकफर्ट ३-२ जिंकलं आणि बार्साच्या अध्यक्षांना लाज वाटल्याचं जाहीरपणे सांगावं लागलं. ती तिकिटं आली कुठून? बरीचशी बार्साच्याच सदस्यांकडून आणि खुल्या विक्रीतून फिरत फिरत. तिथे सदस्याने आपली जागा एका सामन्यापुरती क्लबला परत दिली तर पुढच्या विक्रीतला काही भाग त्याला मिळतो. कल्पना मुळात चांगली आहे, रिकाम्या खुर्च्या भरतात. पण परत आलेली जागा कुणाच्या हातात जाते याला चाळणी नव्हती. घरच्यांनीच घर भाड्याने दिलं आणि मग पाहुण्यांची गाणी ऐकत बसले. त्या रात्री बार्साचे जोशवाले समर्थक दुसऱ्या अर्धाच्या सुरुवातीला आपलाच स्टँड सोडून बाहेर गेले होते.

इंग्लंडमध्ये १९९४च्या कायद्याने परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं हा गुन्हाच आहे. मैफलीचं तिकीट विकलंत तर तो कायदा काही म्हणत नाही, फुटबॉलचं विकलंत तर गुन्हा, कारण मूळ चिंता दोन्हीकडचे समर्थक एकाच स्टँडमध्ये मिसळण्याची होती. ब्राझीलने त्याच्या पुढे जाऊन २०२३च्या क्रीडा कायद्यात २० हजारांहून मोठ्या मैदानांवर चेहरा ओळखून प्रवेश बंधनकारक केला. तिथे तुमचं तिकीट म्हणजे तुमचा चेहरा. कार्ड भाच्याला देता येत नाही. (मला स्वतःला हे जरा जास्त वाटतं. सामना बघायला जाताना पोलिसात हजेरी दिल्यासारखं. पण दलालाचं पोट त्याने बसतं हे मान्य.)

४० तिकिटांना यातलं काही नको. नाव लिहून द्या. जमलं नाही तर तिकीट मंडळाकडेच परत, मूळ किमतीत, आणि पुढचा प्रतीक्षा यादीतून. दुसऱ्याला परस्पर दिलं तर दोन हंगाम बंद. दारावर कोण तपासणार म्हणाल तर बसमध्ये चढताना ज्याचं त्याच्या हातात द्या. बस हीच तुमची चाळणी.

ओलं_मैदान

आमच्या वेळी हे काही नव्हतं. पहाटे खिडकीवर रांग लावायची, जो आधी आला त्याला मिळालं. रांगेत कुणाचा वशिला चालत नाही. थंडीत सहा तास उभं राहणं यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

आकडेमोड

दादा, रांग खिडकीवरून मोबाइलवर आली तेव्हाच तिची गंमत गेली. आता सहा तासांच्या थंडीऐवजी कुणाचं नेट वेगवान आणि कुणाचा बॉट चलाख, याची शर्यत असते. म्हणून तर आर्सेनलने २०२३-२४ पासून सदस्यांसाठी घरच्या सामन्यांना 'आधी येईल त्याला' बंद करून सोडत आणली. ठरलेल्या मुदतीत कधीही अर्ज करा, सकाळी दहाच्या ठोक्याला फोनला चिकटून बसायची गरज नाही.

आणि खिडकीवरच्या रांगेचं म्हणाल तर १९२३चं लंडनचं वेम्बली मैदान आठवा. इंग्लंडच्या एफए कपचा अंतिम सामना, बोल्टन विरुद्ध वेस्ट हॅम, दारावर पैसे भरून आत. अधिकृत आकडा १,२६,०४७. भिंती चढून आलेले धरले तर दोन लाखांच्या वर होते असं मानतात. लोक मैदानाच्या रेषेपर्यंत. बिली नावाच्या घोड्यावरच्या पोलिसाने इतरांसोबत गर्दी मागे रेटली तेव्हा कुठे पाऊण तास उशिरा सामना सुरू झाला. पुढच्या वर्षापासून आधी तिकीट, मग प्रवेश.

ओलं_मैदान

घोडा मात्र सुंदर होता. फोटोत पांढरा दिसतो, खरा करडा.

आकडेमोड

पाचवा_बदली, एक शंका. पहिल्या पोस्टमध्ये "वाटायला माझ्याकडे ४०" असं लिहिलंय. क्लबने मंडळाला दिली किती?

पाचवा_बदली

४६.

आकडेमोड

६ कुठे गेली?

पाचवा_बदली

पदाधिकाऱ्यांची. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि तीन माजी अध्यक्ष. आधीपासून पद्धत आहे. त्यांनी अर्ज केलेले नाहीत, थेट बाजूला काढतात. मी हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नाही कारण, खरं सांगतो, ते मला सुचलंच नाही. तीन वर्षं ती ६ मी मोजतच नाही.

शिट्टीवाला

वा! आम्ही इथे एका-एका गुणावर भांडतोय आणि तिकडे मानाचे पास. माजी अध्यक्षांनी गेल्या वेळी बसमध्ये पाऊल कधी ठेवलं होतं?

मीनल_डावी_विंग

कुंपणानेच शेत खाल्लं, आणि राखणदाराला ते कुंपण वाटलं.

रागावू नका, पाचवा_बदली, तुम्ही कबूल केलंत हे बरंच आहे. पण आता तुम्ही कितीही सुंदर नियम करा, या सहांचं उत्तर आधी द्यावं लागेल. तिकीट न मिळालेला माणूस नशिबाला दोष देऊन घरी जाईल. सहा बाजूला काढलेली कळली तर तो नशिबाला का दोष देईल?

राखीव_गोली

मोठ्या प्रमाणावर हेच चालतं. २०२६च्या विश्वचषकात फिफाने खेळणाऱ्या दोन्ही देशांच्या संघटनांना प्रत्येक सामन्याची ८-८ टक्के तिकिटं दिली. डिसेंबर २०२५मध्ये त्यांचे दर बघून युरोपातल्या समर्थक संघटना खवळल्या, तेव्हा ६० डॉलरचा छोटा कोटा निघाला. तो निष्ठावंत चाहत्यांना द्या असं फिफाने सांगितलं, आणि निष्ठावंत कोण हे ठरवायचं काम संघटनांच्या गळ्यात टाकलं. म्हणजे जिथे १०० खुर्च्या आहेत तिथे १६वर आपण नीतिशास्त्र लढवायचं.

आणि अर्जेंटिनाचा बोका ज्युनियर्स क्लब बघा. त्यांच्या बोंबोनेरा मैदानात ५० हजारांच्या थोडं वर माणसं मावतात, सदस्य तीन लाखांहून जास्त. त्यातले बरेच 'आधेरेंते' म्हणजे दुय्यम सदस्य. वर्गणी भरायची, वर्षानुवर्षं थांबायचं, मुख्य सदस्यांकडून उरलंसुरलं ते घ्यायचं. लोक तरी भरतात! रांगेत उभं राहणं हेच तिथे सदस्यत्व झालंय.

गट_क्रमांक_चार

वाचतोय. आम्ही चौघे मित्र एकत्रच जातो. सोडत झाली तर आमचं काय? एकाला लागलं आणि तिघांना नाही तर तो एकटा जाणार नाही.

आकडेमोड

हा प्रश्न लहान दिसतो पण सोडती इथेच बिघडतात.

चौघांनी चार चिठ्ठ्या टाकल्या आणि "कुणाचीही लागली तरी चौघं आत" असा नियम ठेवला, तर तुम्हाला फुकटचा फायदा. एका चिठ्ठीची शक्यता दहात एक असेल तर चारपैकी एक तरी लागायची शक्यता शेकडा ३४. एकटा येणारा दहावरच. पुढच्या वेळी सगळेच गट करतील, नसलेले मित्र जोडतील. उलट चौघांच्या चार वेगळ्या चिठ्ठ्या आणि ज्याची त्याला, तर चौघं एकत्र आत जायची शक्यता नावापुरतीच. तिकिटं परत येत राहणार.

बरं पडतं ते असं: गटाची एकच चिठ्ठी, वर सगळी नावं. चिठ्ठ्या एकेक काढत जायच्या, निघेल तितकी तिकिटं द्यायची, संपेपर्यंत. एकटा असो की चौघं, बाहेर यायची संधी जवळपास तेवढीच. अडचण फक्त शेवटी. दोन तिकिटं उरली आणि चौघांची चिठ्ठी निघाली तर काय करायचं, ते आधी लिहून ठेवा. चिठ्ठी हातात आल्यावर ठरवाल तर भांडण ठरलेलं.

शिट्टीवाला

ठीक आहे. मी गुणांवरून पूर्ण हटत नाही, पण अर्ध्यावर येतो. निम्मी गुणांवर, आणि गुण फक्त गेल्या तीन हंगामांचे, म्हणजे जुने संस्थानिक बसून खाणार नाहीत. निम्मी सोडतीत. पण अर्ज करायच्या आधी नियम भिंतीवर लागला पाहिजे. निकाल लागल्यावर नियम करणं म्हणजे पेनल्टी मारून झाल्यावर गोलपोस्ट हलवणं.

मीनल_डावी_विंग

तीन हंगामांना माझीही हरकत नाही. मात्र तिकीट घेऊन न येणाऱ्याचे गुण कापा. नाहीतर गुण घेण्यासाठी तिकीट घेऊन खुर्ची रिकामी ठेवणारे वाढतील.

पाचवा_बदली

चार दिवसांनी येतोय, धागा वर आणल्याबद्दल क्षमस्व.

सभा झाली. तीन तास. सहा तिकिटांचा विषय मी काढला तेव्हा पहिली दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही, नुसता पंखा ऐकू येत होता. मग खजिनदार म्हणाले, "माझं टाका सोडतीत." त्यांच्या मागून सचिव. एक माजी अध्यक्ष उठून गेले ते अजून फोन उचलत नाहीत. बाकीच्यांनी कुरकुर करत अर्ज भरले. तर एकूण ४६ तिकिटं, १६५ अर्ज.

ठरलं ते असं. २३ गुणांवर, फक्त तीन हंगामांचे. २३ सोडतीत. सहा वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्याला नाकारलेल्यांची यादी सचिवांच्या कपाटात चक्क सापडली, त्यातल्या १९ जणांनी याही वेळी अर्ज केला होता. गुणांत न बसलेल्या त्या सगळ्यांना दुसरी चिठ्ठी. गटाची एकच चिठ्ठी, चारपर्यंत. गट मावला नाही तर तो प्रतीक्षा यादीत पहिला, आणि पुढची चिठ्ठी काढायची. तिकीट परस्पर द्यायचं नाही, परत आलं तर यादीतल्या पहिल्याला. सगळं टंकून दोन दिवस आधी लावलं. चाकं_चार, क्लबने दोन व्हीलचेअरच्या जागा आणि दोन सोबती वेगळे दिले, या ४६च्या बाहेर. मागितल्यावर एका दिवसात उत्तर आलं, त्याची लाज अजून वाटते.

सोडत काल झाली. मोठा स्टीलचा डबा, एकसारख्या घड्या. अर्ज न केलेल्या एका सभासदाच्या मुलीने काढल्या. गट_क्रमांक_चार, तुमच्यासारख्याच एका चौकडीची चिठ्ठी तिसरी निघाली, ते चौघे ओरडले तेवढं आपण गोललाही ओरडत नाही.

शेवटी एक तिकीट उरलं. चिठ्ठी निघाली ती काकांची. कोऱ्या तिकिटांवाल्या काकांची. पण त्यांनी नातवाबरोबर मिळून अर्ज केला होता, म्हणजे दोन. डबा धरणारा सचिव थांबला, सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणीतरी मागून म्हणालं, "द्या हो, एक द्या, नातू घरी बघेल." काका म्हणाले, "नियम काय लिहिलाय तो वाचा." मी वाचला. पुढची चिठ्ठी काढली. गेल्या वर्षी सभासद झालेली एक मुलगी, वहीत तिचे ४ गुण. ती रडायलाच लागली. काकांनी टाळ्या वाजवल्या. दोन-तीन जणांनी वाजवल्या नाहीत.

शिट्टीवाला

४ गुण... असो. नियम तो नियम. मी गुणांत बाराव्या नंबरावर आलो, म्हणून गप्प बसतो.

मीनल_डावी_विंग

मला नाही लागलं. दोन चिठ्ठ्या होत्या, तरी नाही. पुढच्या वेळी तीन असतील ना? यादी नीट ठेवा म्हणजे झालं. सामन्याच्या दिवशी ड्यूटी बदलून घेतली होती, आता परत बदलते.

आणि तुमचं काय झालं, पाचवा_बदली?

पाचवा_बदली

तीन हंगामांच्या गुणांत मी अकरावा. तिकीट मिळालं. कुणी काही म्हणालं नाही, वहीच तशी आहे.

आज संध्याकाळी एक तिकीट परत आलं. नियमाप्रमाणे यादीत पहिले काका. फोन केला. म्हणाले, "एकच ना? मग दुसरं येईपर्यंत थांबतो. नाही आलं तर पुढच्याला दे." नावांची शेवटची यादी क्लबकडे उद्या सकाळी दहाला जाते. काकांनी ते एक सोडलं तर पुढचा नंबर एका एकट्या माणसाचा आहे, तोही दोनदा फोन करून गेलाय.

परत आलेलं तिकीट टेबलावर आहे. माझं खणात.